एकाचा शून्य करणाऱ्या मॅडम

गजभिये मॅडमनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. आठवायला मला संधी मात्र भरपूर होती. हिंगणघाटच्या कॉलेजात मी वाणिज्य शिकवायचो, त्या कॉम्प्युटर. दोघंही वर्ध्याला राहायचो आणि रोज सकाळी एकाच एसटीनं जायचो. मॅडम आधी चढायच्या, ड्रायव्हरच्या मागची जागा धरायच्या आणि शेजारी माझ्यासाठी पर्स ठेवायच्या. मग आदल्या दिवशी कोणी काय आगळीक केली, ते सांगायला सुरुवात.

"राऊत सर, माफ करनं मोठ्या लोकाईचं काम," त्या म्हणायच्या. "आपन लहान मानसं. आपल्याले ते झेपत नाई."

हे सांगताना चेहरा अगदी प्रसन्न असायचा. चिडचिड करणाऱ्या बाई त्या नव्हत्याच. सुती साडीला इतकी कडक खळ असायची की तिची सळसळ मॅडमच्या आधी वर्गात पोचायची. पोरं म्हणायची, आवाज ऐकून बसायला वेळ मिळतो. त्यांचे वडील आंजीला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी या लेकीला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, असं त्या सांगत. एक, पाढे. दुसरी, कोणी अपमान केला तर रडत घरी यायचं नाही. तो निस्तरून मगच यायचं.

त्यांची एक खूण आम्हा सहकाऱ्यांना पाठ होती. एरवी मॅडम आमच्याशी वऱ्हाडीत बोलायच्या, खळखळून. पण राग आला की शुद्ध प्रमाण मराठी. ‘काऊन’चं ‘का बरं’ झालं, ‘नाई’चं ‘नाही’ झालं, की समोरच्यानं सावध व्हावं. आणि ‘आपण’ म्हणाल्या, तर पळावं.

पहिला अनुभव आला तो त्या कॉलेजात नव्या होत्या तेव्हा. स्टाफरूमच्या कोपऱ्यात माठ होता आणि त्यावर एकच गिलास. सगळे त्यानंच प्यायचे. मॅडम रुजू झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात इतिहासाच्या बाई घरून स्वतःचा गिलास आणू लागल्या. कारण कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. गजभिये हे आडनाव ऐकल्यावर ज्यांना तहान वेगळी लागते, अशी माणसं तेव्हाही होती. नंतर इतिहासाच्या बाईंचा वाढदिवस आला. सगळे जमले असताना मॅडमनी त्यांच्या हातात एक खोका दिला. आत स्टीलचा भारी गिलास होता. त्यावर भांड्याच्या दुकानात यंत्रानं टिंब टिंब करून नाव टाकून आणलेलं: ‘प्रतिभा गजभिये यांजकडून सप्रेम भेट.’

"आपण वेगळा गिलास वापरता, हे माझ्या लक्षात आलं," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, चांगलाच असावा."

बाईंचा चेहरा आठवला की मला अजून घाम फुटतो. भेट नाकारता येईना, आणि त्या नावाला ओठ लावता येईना. गिलास माठाशेजारी उभा राहिला. घरचा गिलास पुन्हा आणायची बाईंची हिंमत झाली नाही. उन्हाळा हिंगणघाटचा. दोन दिवस त्या पाण्याविना राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या गिलासानं प्यायल्या. मॅडमनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पेपर तपासत होत्या.

दुसरी गोष्ट आंजीच्या बसची. मॅडमची आई गुडघ्यांनी अधू. एकदा कंडक्टरनं आंजीच्या थांब्यावर घंटीच मारली नाही आणि म्हातारीला पुढच्या गावाला उतरवलं. वर "झोपून राह्यल्या होत्या काय" म्हणून ऐकवलं. म्हातारी उन्हात बसून राहिली. पुढच्या रविवारी मॅडमनी आंजीच्या आपल्या मोहल्ल्यातल्या बाया जमवल्या आणि त्याच कंडक्टरच्या गाडीत चढवल्या. प्रत्येकीनं तिकीट काढलं वेगवेगळ्या थांब्याचं. पहिल्या थांब्यावर एक बाई उतरली. सावकाश, पायरीवर गाठोडं ठेवून, पदर सारखा करून. दुसऱ्या थांब्यावर दुसरी. तिसऱ्यावर तिसरी. गाडी वर्ध्याला पोचायला इतका उशीर झाला की ड्रायव्हर कंडक्टरशी बोलेनासा झाला. शेवटी एकट्या मॅडम उतरल्या.

"आता प्रत्येक थांबा तुम्हाला नीट पाठ झाला असेल," त्या कंडक्टरला म्हणाल्या.

बाया परतीच्या गाडीनं हसत आपापल्या घरी गेल्या. हे सगळं मला सांगताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून.

पण मला सांगायची आहे ती धोटे सरांची गोष्ट.

धोटे सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. गोरे, गोल, बोटात पुष्कराज. विभागात बाकी सगळे घड्याळी तासिकांवर, म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमले जाणारे. कायम नोकरी एकट्या धोटे सरांची. मॅडमही तासिकांवरच. लॅबमध्ये वीस मशीन होती आणि सगळ्यांवर विंडोज. दोन हजार तीन-चारच्या सुमारास मॅडमनी त्या वीसही मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी प्रणाली बसवली. फुकट मिळतं आणि आपल्या भाषेत वळवता येतं, एवढं त्यातलं मला कळलं. तेव्हा परवानगी धोटे सरांनीच दिली होती. पुढे काय होणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. वर लिनक्स, खाली विंडोज. तुम्ही थोडा वेळ काहीच दाबलं नाही, तर ज्याच्यावर खूण आधीपासून ठेवलेली असेल ते आपोआप सुरू व्हायचं. ती खूण म्हणजे एका फायलीतला एक आकडा. तिथं मोजणी शून्यापासून: वरचं शून्य, खालचं एक. मॅडम शून्य ठेवायच्या.

लिनक्स सुरू झालं की सगळं मराठीत. हे मॅडमनी आणि त्यांच्या पोरापोरींनी दोन वर्षं बसून केलेलं. शनिवारी दुपारी लॅबबाहेरून जाताना मी त्यांची भांडणं ऐकायचो. टाकून दिलेल्या फायली जिथं जातात, त्या जागेला कचरापेटी म्हणायचं की उकिरडा? उकिरड्याच्या बाजूनं खेड्यातली सगळी पोरं होती. ‘कॅन्सल’ला शब्द सापडेना. कोणी म्हणे रद्द, कोणी म्हणे नको. रूपाली नावाची एक बारकी पोरगी होती, हिंगणघाटजवळच्या खेड्यातली, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती हळूच म्हणाली, "म्याडम, ‘राहू द्या’ चालन का?" मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि खडू फळ्यावर आपटून म्हणाल्या, "चालन काय! पयते पोरी, पयते!"

पहिल्या वर्षाच्या पोरी माउसला हात लावताना थरथरायच्या. इंग्रजीत काही प्रश्न उमटला की खुर्ची मागे सरकवायच्या. तेच यंत्र ‘राहू द्या’ म्हणू लागलं, तेव्हा त्यांचे हात स्थिर झाले. हे मी पाहिलेलं आहे.

धोटे सरांना त्याचा त्रास होऊ लागला. पोरं लिनक्समधलं काही विचारायची आणि सरांना उत्तर यायचं नाही. मग त्यांनी तो आकडा बदलायचा कसा, एवढं एक शिकून घेतलं. सकाळी मॅडम शून्य करायच्या, दुपारच्या सुट्टीत धोटे सर एक करायचे. पोरं लॅबमध्ये शिरताना पैज लावायची, आज कोणाचं राज्य. मॅडमना यात गंमत वाटायची. "खेळून राह्यले बिचारे," असं त्या बसमध्ये म्हणायच्या. वऱ्हाडीत म्हणायच्या, म्हणून मी निर्धास्त होतो.

मग दिवाळीची सुट्टी आली. सुट्टीनंतर लॅब उघडली, तर काळा पडदा नाही, दोन नावं नाहीत. मशीन थेट विंडोजमध्ये. वीसच्या वीस. धोटे सरांनी कुणाला तरी बोलावून लिनक्सचा अख्खा भाग पुसून टाकला होता. मॅडम व्हरांड्यात त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी शेजारून जात होतो.

"अर्धी डिस्क जागा खाऊन राह्यली होती," धोटे सर पान चघळत म्हणाले. "दिवाळीची साफसफाई केली. कचरा होता, काढला."

"त्यात मुलांचं दोन वर्षांचं काम होतं."

"अवो म्याडम, मराठीत कोन कॉम्प्युटर चालवते? कचरा तो कचराच."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आपण म्हणता तसं."

आणि वर्गावर गेल्या. मला त्या क्षणी धोटे सरांची काळजी वाटली.

घरी मॅडमकडे एक जुनी सीडी होती. त्यात पहिल्या वर्षाचं काम होतं, दुसऱ्याचं गेलं होतं. दर रविवारी त्यांच्या वर्ध्याच्या घरी पोरं जमू लागली. पास होऊन गेलेलीसुद्धा आली. एक पुलगावच्या दुकानातून सुट्टी काढून यायचा, एक नाचणगावहून सायकलनं. शब्द आठवून आठवून पुन्हा भरत होते. मॅडम सगळ्यांना झुणका-भाकर करून घालायच्या. कॉलेजात मात्र शब्द नाही. धोटे सरांशी इतक्या गोड वागत होत्या की मला बसमध्ये त्यांच्या शेजारी बसायला भीती वाटायची.

वर्षभर असं गेलं. मग विद्यापीठाची समिती यायचं ठरलं. कॉलेजला कॉम्प्युटरचा पदव्युत्तर वर्ग हवा होता आणि धोटे सरांना त्याचं प्रमुखपद. निकाल तयार करणारा एक प्रोग्राम त्यांनी कुठूनसा मिळवला होता. तो फक्त विंडोजवर चालायचा, आणि तो समितीला आपला म्हणून दाखवायचा होता.

"म्याडम, वीसही मशीन चकाचक पाह्यजे," त्यांनी फर्मावलं. "लॅब तुमच्या ताब्यात."

चकाचक करणं धोटे सरांना येत नव्हतं. मॅडमना येत होतं. आठवडाभर त्या लॅबमध्येच होत्या. धोटे सर मधूनमधून डोकावून जायचे. मशीन लावलं की विंडोज यायचं, ते खूश. समिती यायच्या आदल्या संध्याकाळी मॅडम बसमध्ये बसल्या आणि खिडकीबाहेर बघत हसू लागल्या.

"काय केलं?" मी विचारलं.

"काई नाई. एकाचा शून्य केला."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना लॅबमध्ये मागच्या बाजूला उभं केलं. समितीत तिघं होते. अध्यक्ष एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, बोलायला कमी. धोटे सर नव्या सफारीत. त्यांनी खूण केली आणि वीस विद्यार्थ्यांनी वीस मशीन एकदम सुरू केली.

दोन नावांची यादी आली नाही. थेट लिनक्स उघडलं, वीस पडद्यांवर, मराठीत. मागे निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत काम करणाऱ्या पोरापोरींची नावं, गावांसकट. मॅडमचं नाव कुठंच नव्हतं.

धोटे सरांचा हात पुष्कराजावर गेला. अध्यक्षांनी चष्मा लावला, एका मशीनसमोर बसले, इथं तिथं दाबून पाहिलं. "‘राहू द्या’," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "वा! हे कुणी केलं?"

धोटे सरांनी मागे वळून मॅडमकडे पाहिलं. मग म्हणाले, "विभागाचा उपक्रम आहे, सर. माझ्या मार्गदर्शनाखाली."

मी मॅडमच्या शेजारी उभा होतो. त्यांचा श्वास ऐकू आला, एखादं काम संपल्यावर सोडावा तसा.

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "आता तुमचा तो निकालाचा प्रोग्राम बघू."

धोटे सर स्वतः बसले. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा मराठी. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी एक बटण दाबून धरलं, तेव्हा लपवलेली यादी वर आली. त्यांनी विंडोज निवडलं. मशीननं पासवर्ड मागितला. त्यांनी कॉलेजचं नाव टाकून पाहिलं, स्वतःचं टाकून पाहिलं. मशीन हलेना. शेजारच्या मशीनवर गेले. तिथं तेच.

"म्याडम, जरा..." धोटे सर वळून म्हणाले.

"सर, हे आपल्या मार्गदर्शनाखाली झालेलं काम आहे," मॅडम म्हणाल्या. इतकं स्वच्छ मराठी त्या लॅबमध्ये आधी कोणी बोललं नसेल. "पासवर्ड आपल्याला ठाऊक असणारच."

धोटे सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. प्राचार्य पुढे सरकले, थांबले. शेवटी अध्यक्षच म्हणाले, "मॅडम, सांगून टाका."

"कचरा," मॅडम म्हणाल्या. "के, ए, सी, एच, आर, ए. टाका सर. मुलांच्या दोन वर्षांच्या कामाला आपणच दिलेलं नाव आहे. मागच्या दिवाळीत ते पुसून टाकलंत, तेव्हा."

धोटे सरांनी एकेक अक्षर टाकलं. वीस विद्यार्थी, समिती, प्राचार्य आणि आम्ही सगळे बघत असताना. बोट दोनदा चुकलं. विंडोज उघडलं, पण तोवर अध्यक्ष उठले होते.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "मॅडम, त्यांनी तुमचं नाव सांगितलं असतं तर?"

"तर मी तिथंच पासवर्ड टाकून देल्ला असता. शपत." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन ते सांगनार नाई, हे मले माहीत होतं. मानूस वळखून होती मी."

त्या रात्री आपल्याला झकास झोप लागली, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "लोक मनतात बदला घेऊन शांती भेटत नाई. मले तर भेटली बाप्पा."

पदव्युत्तर वर्ग मिळाला नाही. आपली लॅब ज्यांना उघडता येत नाही त्यांना वर्ग कसा द्यायचा, असा समितीचा सूर होता. पुढच्या वर्षी मॅडमना तासिका मिळाल्या नाहीत. ते त्यांनी धरलेलंच होतं. लॅबमधल्या त्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या पायरीवर बसून पालक निवडत होत्या, मजेत.

तेवढ्यात रूपाली आली. हिंगणघाटहून एकटीच. आत न येता फाटकातच उभी राहिली.

"म्याडम, तुमचा बदला झाला," ती म्हणाली. "माह्यं काय?"

मॅडमचा हात थांबला.

"बाबा मनत होते, हिंगनघाटले वर्ग निघाला तर शिक. आता निघाला नाई. आता पाहुने येऊन राह्यले मले पाह्याले. तुमी थोडकं थांबल्या असत्या तं? वर्ग भेटल्यावर केलं असतं तं?"

वर्गात तोंड न उघडणारी पोरगी. मॅडमना कोणी असं बोललेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मला वाटलं, आता प्रमाण मराठी सुरू होणार. पण त्यांनी पालकाची एक जुडी उचलली, खाली ठेवली. चेहरा एकदम उतरला होता.

"पानी पे," त्या शेवटी म्हणाल्या. "आन् चाल. तुह्या बाबाले भेटू."

मलाही चला म्हणाल्या. रूपालीचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये तोलाईचं काम करायचे. अंगणात बाज टाकून त्यांनी आम्हाला बसवलं. मॅडमनी सरळ विषय काढला: वर्ध्याला हा वर्ग आहे, पोरीला पाठवा.

"पोरगी राहीन कुठं?"

"माह्या घरी."

"किती दिवस?"

"शिकेपर्यंत."

पाहुण्यांना काय सांगायचं, लोक काय म्हणतील, हे सगळं वडिलांच्या कपाळावर दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "बाई, यात तुमचा काय फायदा?"

दुसरं कोणी असतं तर पोरीच्या भविष्याबद्दल चार चांगले शब्द बोललं असतं.

"धोटे सरानं उद्या मनू नये," मॅडम म्हणाल्या, "का गजभियेच्या पायी पोरगी घरी बसली. तेवढं सुख मी त्याले देनार नाई."

वडिलांना हे कारण पटलं. माणसाच्या चांगुलपणावर विश्वास ठेवायला त्यांनी कदाचित अजून वेळ लावला असता, पण हट्ट त्यांना लगेच ओळखू आला. रूपाली दोन वर्षं मॅडमच्या घरी राहिली. पहिले काही महिने दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या, असं मॅडमच्या आई मला सांगायच्या. पोरीनं मॅडमना आपलं नुकसान विसरू दिलं नाही, आणि मॅडमनीही तिच्याकडे माफी मागितली नाही. नंतर कधीतरी दोघी एकाच ताटात जेवू लागल्या. आज रूपाली नागपूरला शिकवते.

धोटे सर निवृत्त झाले तो दिवस. कॉलेजच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. मॅडमना आमंत्रण नव्हतं. तोवर त्या वर्ध्याला दुसरीकडे शिकवत होत्या. पहिलं भाषण सुरू झालं आणि दारातून मॅडम आल्या. चॉकलेटी काठाची नवी साडी, केसात अबोली. सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. प्राचार्य बोलले, टाळ्या झाल्या. संस्थेचे सचिव बोलले, टाळ्या झाल्या. शाल दिली, श्रीफळ दिलं, सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मॅडम दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बोटसुद्धा हललं नाही. धोटे सर उत्तराला उभे राहिले. त्यांची नजर पुन्हा पुन्हा पहिल्या रांगेत जायची आणि वाक्य अर्ध्यावर तुटायचं. पाठ केलेलं भाषण त्यांनी मध्येच संपवलं.

नंतर जेवण होतं. मॅडम पुरी-भाजीचं ताट घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. धोटे सर अंगावर शाल तशीच ठेवून त्यांच्यापाशी आले. हार काढलेला नव्हता. चेहरा थकलेला होता.

"म्याडम, तुमी आल्या," ते म्हणाले. आवाजात खरंच काहीतरी ओलं होतं. "बरं वाटलं."

मॅडमनी पुरीचा घास सावकाश संपवला.

"पाह्याले आलती," त्या म्हणाल्या, "खरंच जाऊन राह्यले का नाई ते."

आणि ताट पुढे करून वाढप्याकडे आणखी दोन पुऱ्या मागितल्या.